विश्लेषण : सई परांजपे यांच्या चित्रपटांतला माणूस ‘बिचारा’ का नसतो?

‘चश्मे बद्दूर’ म्हटले की दारोदार फिरून कपडे धुण्याची पावडर विकणारी ‘मिस चमको’ आठवते. ‘कथा’ म्हटले की चाळीतला भिडस्त राजाराम डोळ्यांसमोर येतो. चार दशके उलटली तरी ही माणसे जुनी झालेली नाहीत. ती ज्यांनी घडवली त्या सई परांजपे यांची ओळख मात्र अनेकदा ‘हलकेफुलके विनोदी चित्रपट काढणाऱ्या दिग्दर्शिका’ या एका ओळीत उरकली जाते. छत्रपती संभाजीनगर येथील अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात जानेवारी २०२५ मध्ये त्यांना पद्मपाणि जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. त्या निमित्ताने त्यांच्या कामाकडे पुन्हा पाहिले, तर ही ओळख किती अपुरी आहे हे लक्षात येते. त्यांचा सिनेमा हसवतो खरा, पण तो कोणाला हसत नाही आणि कोणाची कीवही करत नाही. हे त्यांना कसे साधले, आणि महोत्सवाच्या पडद्यापासून फार लांब नसलेल्या मुकुंदवाडीशी त्याचा काय संबंध आहे, याविषयी…

पद्मपाणि पुरस्कार काय आहे?

अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व पद्मपाणि आहे. जगभरच्या चित्रकारांनी डोळे भरून पाहिलेल्या या भित्तिचित्राच्या नावाने अजिंठा-वेरूळ महोत्सवात जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. सन्मानचिन्ह, मानपत्र आणि दोन लाख रुपये असे त्याचे स्वरूप आहे. २०२४ मध्ये हा पुरस्कार जावेद अख्तर यांना मिळाला. पुढच्या वर्षी, १५ ते १९ जानेवारी २०२५ या काळात झालेल्या दहाव्या महोत्सवात तो सई परांजपे यांना मिळाला. या दोन नावांमध्ये एक जुना धागाही आहे. सईंच्या ‘साज’ या चित्रपटाच्या गीतांसाठी जावेद अख्तर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

सई परांजपे यांना २००६ मध्ये पद्मभूषण मिळाले होते. त्यामुळे सन्मान त्यांना नवे नव्हते. तरीही मराठवाड्याच्या राजधानीत झालेल्या या गौरवाला वेगळा अर्थ आहे, कारण त्यांचा सर्वांत कमी पाहिला गेलेला महत्त्वाचा चित्रपट, ‘दिशा’, हा दुष्काळी गाव आणि गाव सोडून शहरात गेलेला मजूर यांच्याविषयी आहे. त्याकडे पुढे येऊच.

त्यांची जडणघडण कोणत्या वातावरणात झाली?

सई परांजपे यांचा जन्म १९ मार्च १९३८ चा, लखनौचा. आजोबा म्हणजे रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. केंब्रिजला गणितात अव्वल आलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य, पुढे लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू आणि ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त. आई शकुंतला परांजपे. व्ही. शांताराम यांच्या १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये त्यांनी काम केले होते. पण त्यांचे आयुष्यभराचे काम होते ते संततिनियमनाच्या प्रचाराचे. ज्या काळात हा विषय चारचौघांत उच्चारणेही अशिष्ट मानले जाई, त्या काळात र. धों. कर्वे यांच्या बरोबरीने त्यांनी तो लोकांपर्यंत नेला. पुढे त्या राज्यसभेवर नामनियुक्त सदस्य होत्या. वडील युरा स्लेप्टझॉफ हे रशियन चित्रकार. आईवडील लवकरच विभक्त झाले आणि सई आई व आजोबांकडे वाढल्या. बालपणाची काही वर्षे आजोबांबरोबर ऑस्ट्रेलियात गेली.

घरात शिस्त होती, पुस्तके होती आणि लोक काय म्हणतील याची फारशी फिकीर नव्हती. ‘मुलांचा मेवा’ हे परीकथांचे त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा त्या अवघ्या आठ वर्षांच्या होत्या. चाळीस-पन्नासच्या दशकांत चित्रपट दिग्दर्शित करणारे अच्युत रानडे हे त्यांचे मामा. फर्ग्युसनच्या टेकडीवर फिरायला गेले की ते भाचीला गोष्ट सांगत, तीही पटकथा ऐकवावी तशी, एकेक दृश्य डोळ्यांसमोर उभे करत. पुढे आपल्या गाजलेल्या चित्रपटांच्या पटकथा-संवाद सईंनी स्वतःच लिहिले, याची मुळे इथे सापडतात.

चित्रपटापूर्वीचा प्रवास कसा होता?

त्यांच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाला, ‘स्पर्श’ला, १९८० उजाडले. तेव्हा त्या चाळिशी ओलांडलेल्या होत्या. म्हणजे त्याआधीची जवळपास दोन दशके त्यांनी इतर माध्यमांत काढली आणि त्या उमेदवारीचा ठसा त्यांच्या चित्रपटांवर स्पष्ट दिसतो.

सुरुवात आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर निवेदिका म्हणून आणि मुलांच्या कार्यक्रमांपासून झाली. आकाशवाणीत फक्त आवाज असतो. कोण बोलते आहे, कुठल्या थरातले आहे, खरे बोलते आहे की थापा मारते आहे, हे सारे बोलण्याच्या ढंगातून कळावे लागते. सईंच्या संवादांत जाणवणारा कान इथे तयार झाला, असे म्हणता येईल. १९६३ मध्ये त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या. पती अरुण जोगळेकर यांच्यासह त्यांनी पुण्यात बालरंगभूमीवर काम केले. ‘पत्तेनगरी’, ‘शेपटीचा शाप’ ही त्यांची बालनाट्ये. मोठ्यांसाठी लिहिलेली ‘सख्खे शेजारी’, ‘जास्वंदी’, ‘माझा खेळ मांडू दे’ ही नाटकेही प्रेक्षकांच्या स्मरणात आहेत.

मग दिल्ली दूरदर्शन. तिथे लेखन, दिग्दर्शन, निर्मिती असे सगळेच त्यांनी केले. त्यांच्या ‘द लिटल टी शॉप’ या दूरचित्रपटाला १९७२ मध्ये तेहरान येथे आशियाई प्रसारण संघटनेचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा उद्घाटनाच्या कार्यक्रमाची निर्मिती करण्यासाठी त्यांची निवड झाली. बाल चित्रपट समितीसाठी त्यांनी ‘जादू का शंख’ (१९७४) आणि ‘सिकंदर’ (१९७६) केले. समितीचे अध्यक्षपदही त्यांनी दोनदा सांभाळले.

दूरदर्शनचा स्टुडिओ लहान, पैसा बेताचा, वेळ त्याहून कमी. अशा ठिकाणी काम केलेल्या माणसाला दोन पात्रे, एक टेबल आणि चहाचा कप एवढ्यावर प्रसंग रंगवता यावा लागतो. पुढे ‘स्पर्श’मध्ये कॉफीच्या एका कपावर त्यांनी केवढे नाट्य उभे केले, ते पाहिले की ही शिदोरी कुठली ते कळते.

‘स्पर्श’ने नेमके काय वेगळे केले?

हिंदी चित्रपटात अंध व्यक्ती म्हणजे डोळ्यांतून पाणी काढण्याचे हमखास साधन होते. ती गाणे म्हणणार, धडपडणार, शेवटी शस्त्रक्रिया होऊन तिला दृष्टी येणार आणि समोर नायक उभा असणार. ‘स्पर्श’ने ही वाट सोडली.

अनिरुद्ध परमार (नसीरुद्दीन शाह) हा अंधविद्यालयाचा प्राचार्य. कर्तबगार, विनोदाची जाण असलेला आणि कमालीचा मानी. कविता (शबाना आझमी) ही पतीच्या निधनानंतर एकाकी झालेली तरुणी. ती शाळेत मुलांना गाणी, गोष्टी, हस्तकला शिकवायला येते. अनिरुद्ध आपल्या कार्यालयात तिच्यासाठी कॉफी करत असतो आणि ती सहज, चांगुलपणाने मदत करू पाहते. तो भडकतो. तिला कळत नाही की आपले काय चुकले. चित्रपटाचा सगळा प्रश्न या एका प्रसंगात आहे. मदत कधी मदत असते आणि कधी ती समोरच्याला लहान करते? मुलांना मदत हवी आहे, दया नको, ही अनिरुद्धची भूमिका आहे. ‘बेचारा’ हा शब्द त्याला सहन होत नाही.

चित्रपटाचे मोठेपण असे की अनिरुद्धलाही त्यात सूट नाही. त्याचा मानीपणा हळूहळू संशयाचे रूप घेतो. कविता आपल्याशी लग्न करते आहे ती प्रेमापोटी की त्यागाच्या समाधानासाठी, या शंकेने तो जुळलेले नाते मोडतो. दया नाकारता नाकारता तो प्रेमही नाकारू लागतो. अंध माणसाला देवत्व द्यायचे नाही आणि त्याची कीवही करायची नाही. त्याला इतरांसारखेच चुकण्याचे स्वातंत्र्य द्यायचे, हा त्या काळात धाडसाचा विचार होता.

अनिरुद्धची व्यक्तिरेखा दिल्लीतील अंधविद्यालयाच्या मुख्याध्यापकांवरून सुचलेली होती. चित्रीकरण त्याच शाळेत झाले आणि पडद्यावरची मुले तिथलेच विद्यार्थी होते. त्यामुळे त्यांच्या खोड्या, भांडणे, हट्ट यांत कुठेही बेगडीपणा वाटत नाही. बासू भट्टाचार्य यांची निर्मिती असलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नसीरुद्दीन शाह सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले आणि पटकथेचा पुरस्कार सईंना मिळाला. चित्रपट सर्वत्र पोहोचायला मात्र वेळ लागला. त्याची फिल्मफेअर पारितोषिके, त्यात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचेही आले, थेट १९८५ च्या सोहळ्यात मिळाली.

‘चश्मे बद्दूर’ फक्त विनोदी चित्रपट होता का?

१९८१ मध्ये आलेल्या ‘चश्मे बद्दूर’ची गोष्ट दोन ओळींची. दिल्लीत एका खोलीत राहणारे तीन विद्यार्थी. ओमी (राकेश बेदी) आणि जय (रवी बासवानी) मुलींच्या मागे लागणारे, तर सिद्धार्थ (फारूक शेख) पुस्तकात डोके घातलेला. नेहावर (दीप्ती नवल) छाप पाडायला पहिले दोघे जातात, फजिती होऊन परततात आणि खोलीवर येऊन रंगवून खोटे सांगतात. नेहा सिद्धार्थच्या दारी ‘चमको’ पावडर विकायला येते आणि दोघांचे जुळते. मग मित्रांची पोटदुखी सुरू होते. कोपऱ्यावर पानवाले लल्लन मियाँ (सईद जाफरी) उधारीची वही घेऊन बसलेले असतातच.

हसता हसता लक्षात येत नाही, पण इथे सईंनी हिंदी चित्रपटालाच आरसा दाखवला आहे. ओमी आणि जय ज्या थापा मारतात त्या चित्रपटातून उचललेल्या आहेत. बागेतली गाणी, नायिकेचा लटका राग, क्षणात जुळणारे प्रेम. या मुलांना प्रेम म्हणजे काय हे पडद्याने शिकवले आहे आणि त्यामुळेच समोरची खरी मुलगी त्यांना दिसत नाही. मैत्रिणीचा पाठलाग, खोट्या फुशारक्या, मित्राच्या मनात तिच्याविषयी विष कालवणे, या सगळ्याला तोवरच्या सिनेमात ‘गंमत’ म्हटले जाई. ‘चश्मे बद्दूर’ ती गंमत दाखवतो आणि ती कुठे घाण होते तेही दाखवतो.

दुसरीकडे नेहा. ती उन्हात दारोदार फिरून पावडर विकते, गाणे शिकते, आणि याबद्दल कोणी तिला ‘बिचारी’ म्हणत नाही. टॉवेल धुऊन दाखवण्याचा तो प्रसिद्ध प्रसंग प्रेमप्रसंग आहे, पण त्यात ती आपले काम करते आहे. नोकरी करणाऱ्या मुलीकडे इतक्या सहज पाहणारा हिंदी चित्रपट तेव्हा विरळाच होता. हे आपण दिग्दर्शिकेच्या नजरेतून पाहतो आहोत, हेही विसरू नये. त्या काळी हिंदीत चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

५ एप्रिल २०१३ रोजी मूळ ‘चश्मे बद्दूर’ची नूतनीकरण केलेली प्रत आणि डेव्हिड धवन यांनी केलेली नवी आवृत्ती एकाच दिवशी चित्रपटगृहांत आल्या. बत्तीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटाला पुन्हा तिकीट काढून प्रेक्षक येतो, ही त्याच्या टिकाऊपणाची पावती म्हणावी लागेल.

‘कथा’मध्ये कासव खरोखर जिंकते का?

‘कथा’ (१९८३) ही श्री. ग. साठ्ये यांच्या ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावर आधारित. चित्रपट हिंदी, पण हाडामांसाने मराठी. पुण्यातल्या एका चाळीत त्याचे चित्रीकरण झाले. सामाईक गॅलरी, नळावरची गर्दी, शेजाऱ्याच्या घरात काय शिजते आहे याची बारीक खबर, गणपतीची वर्गणी आणि मुलीच्या लग्नाची काळजी, हे सगळे त्यात आहे.

राजाराम जोशी (नसीरुद्दीन शाह) साधा कारकून. संध्या (दीप्ती नवल) त्याला मनापासून आवडते, पण ते बोलून दाखवण्याचे धैर्य नाही. त्याच्याकडे बाशू (फारूक शेख) येऊन राहतो. तो बोलबच्चन, देखणा आणि आतून पोकळ. पाहता पाहता तो चाळीला आणि संध्यालाही खिशात घालतो. ‘चश्मे बद्दूर’मधल्या सरळमार्गी फारूक शेख यांना लबाड आणि दरारा असलेल्या नसीर यांना बावळट करण्याची ही उलटी निवड चित्रपटाचा अर्धा विनोद घडवते.

मात्र बोधकथा इथे सरळ संपत नाही. बाशू संध्याला फसवून निघून जातो, त्याला कोणतीही शिक्षा होत नाही. ससा हरत नाही, तो फक्त दुसऱ्या शर्यतीला निघून जातो. राजारामला संध्या मिळते. आपल्या बाबतीत काय घडले ते ती त्याला आधी सांगते आणि तरीही तो तिला स्वीकारतो. त्यात उपकाराचा सूर नाही. ‘स्पर्श’मधला प्रश्न इथे चाळीत येऊन बसला आहे. फसवल्या गेलेल्या मुलीकडे दयेने पाहायचे की बरोबरीने? ‘कथा’लाही सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘अडोस पडोस’ (१९८४) आणि ‘छोटे बडे’ या मालिकांतून शेजारपाजारचे हेच जग त्यांनी छोट्या पडद्यावर आणले.

‘दिशा’ आणि मुकुंदवाडीचा संबंध काय?

१९९० च्या ‘दिशा’मध्ये सईंनी चाळीतून बाहेर पडून गावाकडे पाहिले. पाऊस नाही, शेतात काम नाही, म्हणून तरुण मुंबईच्या कापड गिरणीची वाट धरतात. गिरणगावात एकेका खोलीत दाटीवाटीने राहतात, पैसे गावी धाडतात आणि हळूहळू ना गावचे ना शहराचे होतात. नाना पाटेकर आणि रघुवीर यादव यांनी हे दोन मित्र उभे केले आहेत. शबाना आझमी आणि निळू फुले यांच्याही त्यात भूमिका आहेत. मागे राहिलेल्या स्त्रियांचे काय होते, विडीच्या कारखान्यात काम करू लागलेल्या बाईचे घरातले स्थान कसे बदलते, हेही चित्रपट पाहतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उद्ध्वस्त झाले होते. त्यानंतर आठ वर्षांनी आलेल्या या चित्रपटातल्या गिरणीकडे पाहताना प्रेक्षकाच्या मनात तो इतिहास असतोच.

या सगळ्यात एक माणूस गाव सोडत नाही. ओम पुरी यांनी साकारलेला हा शेतकरी वर्षानुवर्षे एकटाच विहीर खोदतो आहे. गाव त्याला वेड्यात काढते. तो खोदत राहतो आणि अखेर पाणी लागते. इतर कोणी हा माणूस केविलवाणा किंवा महापुरुष केला असता. सईंनी त्याला हट्टी, थोडा हास्यास्पद आणि शेवटी बरोबर ठरणारा माणूस म्हणून ठेवले.

मुकुंदवाडीच्या संदर्भात ही विहीर दूरची वाटत नाही. जालना रस्त्यालगतचे हे मूळचे खेडे. सिडको आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहत वाढत गेली तसे ते शहरात मिसळले. मराठवाड्याच्या गावागावांतून कामासाठी आलेल्या कुटुंबांनी आसपासच्या वस्त्या भरल्या. गिरणीच्या जागी इथे एमआयडीसी आहे, एवढाच फरक. आणि ज्या पाण्यासाठी गाव सोडले, तो प्रश्न शहरातही पाठ सोडत नाही. जायकवाडीसारखे मोठे धरण जवळ असूनही या शहरातल्या नळांना पाणी काही दिवसांआड येते. २०१९ च्या दुष्काळात मुकुंदवाडी स्थानकालगतच्या गरीब वस्तीतली लहान मुले शाळा सुटल्यावर भांडी घेऊन रेल्वेत चढत आणि शहराच्या मुख्य स्थानकावरून पाणी भरून आणत. येऊन-जाऊन सुमारे चौदा किलोमीटर. ती बातमी तेव्हा देशाबाहेरही पोहोचली.

महोत्सवाचे चित्रपट ज्या प्रोझोन मॉलमध्ये दाखवले जातात, तो याच चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत आहे. त्या मुलांच्या बातम्या बहुतेकदा हळहळ वाटावी अशा सुरात लिहिल्या गेल्या. ‘दिशा’ पाहिलेला माणूस वेगळा प्रश्न विचारेल. ही मुले एवढी हिकमती आहेत, तर विहीर खोदण्याचे काम त्यांच्यावर का सोडले आहे? कीव केली की आपले काम संपते. बरोबरीने पाहिले की उत्तर द्यावे लागते.

त्यांचा सिनेमा समांतर की व्यावसायिक?

या प्रश्नाचे सरळ उत्तर नाही. नसीर, शबाना, ओम पुरी, दीप्ती नवल हे कलाकार समांतर चित्रपटाचे, पण सईंच्या चित्रपटांत गाणी आहेत, विनोद आहे, गोष्ट सुखाने संपते. हृषीकेश मुखर्जी, बासू चॅटर्जी यांच्या मधल्या वाटेशी त्यांचे नाते आहे. फरक असा की सईंकडे मध्यमवर्गाविषयी जिव्हाळा आहे तशी तिरकी नजरही आहे.

लहान घरांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना कमी लेखण्याची सवय केवळ आपल्याकडची नाही. जपानी चित्रपट म्हटले की जगाला आधी अकिरा कुरोसावा यांचे ‘सेव्हन सामुराई’सारखे भव्य चित्रपट आठवले. यासुजिरो ओझू आयुष्यभर घर, लग्न, म्हातारे आईवडील आणि दूर गेलेली मुले यांच्याच गोष्टी सांगत राहिले. त्यांचा १९५३ चा ‘टोकियो स्टोरी’ आज सर्वकालीन श्रेष्ठ चित्रपटांच्या यादीत असतो, पण पाश्चात्त्य जगाला त्यांची थोरवी उशिरा उमगली. सईंची शैली ओझूंसारखी नाही. ओझू शांत, तर सई खट्याळ. पण चार भिंतींतली गोष्ट म्हणजे छोटी गोष्ट नव्हे, हे दोघांकडे पाहून पटते.

नंतरच्या काळात त्यांनी काय केले?

‘पपीहा’मध्ये (१९९३) त्यांनी जंगल हा विषय हाताळला. याच चित्रपटातून मिलिंद गुणाजी पडद्यावर आले. ‘साज’मध्ये दोन गायिका बहिणींमधले प्रेम आणि स्पर्धा होती. शबाना आझमी, अरुणा इराणी यांच्याबरोबर तबलावादक झाकीर हुसेन यांनीही त्यात अभिनय केला. महाराष्ट्रातील एका खेड्यातल्या स्त्रियांनी दारूविरुद्ध दिलेल्या लढ्यावर त्यांनी ‘चूडियाँ’ (१९९३) हा लघुपट केला. त्याला सामाजिक विषयावरील चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांवरचा ‘सुई’ हा लघुपट २००९ मध्ये जागतिक एड्स दिनी दूरदर्शनवर दाखवला गेला. अंध, फसवलेली मुलगी, स्थलांतरित मजूर, दारूने पिडलेल्या बायका, व्यसनात अडकलेले तरुण. विषयांची यादी पाहिली तर कोणीही तिला ‘हलकीफुलकी’ म्हणणार नाही.

२०१६ मध्ये ‘सय : माझा कलाप्रवास’ हे त्यांचे आत्मकथन राजहंस प्रकाशनाने प्रसिद्ध केले. २०२० मध्ये ते त्यांनी इंग्रजीतही आणले.

आजच्या प्रेक्षकाने काय आणि कसे पाहावे?

पूर्ण लांबीचे त्यांचे चित्रपट मोजके आहेत, त्यामुळे एका महिन्याच्या रविवारांत मुख्य चित्रपट पाहून होतात. सुरुवात ‘चश्मे बद्दूर’ने करायला हरकत नाही. पण तिथे थांबू नये. त्यानंतर लगेच ‘स्पर्श’ पाहावा आणि कॉफीच्या प्रसंगात आपण कोणाच्या बाजूने आहोत ते स्वतःलाच विचारावे. मग ‘कथा’, आणि शेवटी ‘दिशा’.

त्यांचे चित्रपट नव्या लेखक-दिग्दर्शकांनाही काही शिकवतात. सामाजिक विषय म्हटला की आवाज चढवायचा, रडायचे किंवा उपदेश करायचा, ही आपल्याकडची रूढ पद्धत. सईंनी उलट केले. त्यांनी आधी माणूस नीट पाहिला. तो कसा बोलतो, कशावर चिडतो, काय लपवतो, कशाला हसतो. मग प्रश्न आपोआप पडद्यावर आला. यासाठी मोठे भांडवल लागत नाही. निरीक्षण लागते आणि समोरच्याला आपल्या बरोबरीचा मानण्याची तयारी लागते.

मराठवाड्यात आज मोबाइलवर लघुपट करणारी मुले गावोगाव आहेत. दुष्काळ, स्थलांतर, पाणी, बेरोजगारी हे विषय त्यांना शोधावे लागत नाहीत, ते दारातच उभे आहेत. विहीर खोदणाऱ्या त्या वेड्या शेतकऱ्याकडे कॅमेरा कसा वळवायचा, हे मात्र शिकावे लागेल. त्यासाठी ‘दिशा’ची एक प्रत आणि दोन तास पुरेसे आहेत.